परक्यांच्या अंगावर आपलें वस्त्र

भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी आणि उघड्यास वस्त्र देणें हीं दयेचीं कृत्यें आपण सर्वांनीं लहानपणींच धर्मशिक्षणाच्या वर्गांत पाठ केलीं आहेत. कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास आपला अर्धा झगा कापून देणाऱ्या संत मार्टिनची कथाहि आपणांस परिचित आहे. परंतु हींच कृत्यें महाराष्ट्राच्या भूमीवर एका दूरदेशच्या निराश्रितांसाठीं कशीं घडलीं, हा इतिहास थोड्यांसच ठाऊक असेल. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं तो पिंगळीच्या वाचकांपुढें, विशेषतः शाळेंत शिकणाऱ्या मुलामुलींपुढें, ठेवावा असें वाटतें.

१९३९ च्या सप्टेंबरांत जर्मनी आणि सोव्हिएत रशिया या दोन बलाढ्य शेजाऱ्यांनीं पोलंड देश आपसांत वांटून घेतला. १९४० व १९४१ सालीं पूर्व पोलंडांतील लाखों माणसें मालगाड्यांच्या डब्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानकडे हांकलण्यांत आलीं. पुढें १९४१ च्या जुलैंत करार होऊन त्यांची सुटका झाली. पण तोंवर पुष्कळांपाशीं अंगावरच्या चिंध्यांखेरीज कांहीं उरलें नव्हतें.

त्या समयीं मुंबईस पोलंडचे कॉन्सल युजेनियुश बानासिन्स्की हे होते. त्यांच्या पत्नी कीरा बानासिन्स्का यांनीं पोलिश रेडक्रॉसचें कार्य शिरावर घेतलें. १९४१ च्या अखेरीस औषधें, अन्न व कपडे भरलेल्या मालमोटारी मुंबईहून निघाल्या आणि क्वेट्टा, झाहेदान व मशहद या मार्गानें अश्काबादेस पोंचल्या. या मोटारी रिकाम्या परतल्या नाहींत. त्यांतून दीडशेंहून अधिक पोलिश मुलें १९४२ सालीं मुंबईस आलीं. सुमारें तीन महिने तीं वांद्र्यास राहिलीं. नंतर नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं बालाचडी येथें त्यांना आसरा दिला. त्यांच्या मागोमाग आणखीहि मुलें तेथें आलीं.

याच वर्षीं कास्पियन समुद्र ओलांडून हजारों पोलिश लोक इराणच्या पहलवी बंदरीं उतरले. उतरतांच त्यांचे जुने कपडे समुद्रकिनाऱ्यावर जाळण्यांत आले, त्यांना स्नान घालण्यांत आलें व निराळीं वस्त्रें देण्यांत आलीं. हें वरवर क्रूर दिसणारें कृत्य दयेचेंच होतें. त्या लोकांत टायफस ज्वर पसरला होता, आणि हा ज्वर पसरविणारी ऊ कपड्यांच्या शिवणींत राहते. सारांश, स्वच्छ वस्त्र तेथें केवळ लज्जारक्षणाची वस्तु नव्हती. तें औषध होतें.

१९४३ सालीं कोल्हापूरजवळ वळिवडें येथें पोलिश कुटुंबांसाठीं वसाहत उभारण्यांत आली. हिंदुस्थानांतील ही सर्वांत मोठी पोलिश वसाहत. सुमारें ५,००० माणसें, बहुतांश स्त्रिया व मुलें, तेथें राहिलीं. शाळा, दवाखाना, चर्च, सर्व कांहीं तेथें होतें. तथापि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच. प्रत्येक कुटुंबास ठराविक भत्ता मिळे व त्यांतून गृहिणी स्वतः बाजारहाट करी आणि स्वतःची चूल पेटवी. ज्यांचें सर्वस्व लुटलें गेलें होतें त्यांना घरधनी म्हणून जगूं देण्यांत आलें. दान घेणाऱ्याची मान खालीं जाऊं नये, हेंच खरें वस्त्रदान. १९४८ पर्यंत ही वसाहत टिकली. तेथील मुलें पुढें जगभर पांगलीं; पण कोल्हापूर तीं विसरलीं नाहींत.

याच्या उलट प्रकारहि घडतो. २००४ सालच्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले, कारण तेथील लोकांना न चालणारे कपडे तेथें जाऊन पडले होते. ‘गूंज’ या संस्थेनें ते गोळा करून निवडले व उपयोगांत आणले. ज्या दानामुळें घेणाऱ्यावर निवडण्याचें ओझें पडतें, तें दान अर्धेंच.

आपला मराठवाडा तर घेणारा हातहि ओळखतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां जगभरांतून साहाय्य आपल्याकडे आलें. काळाचा फेरा असा, कीं आजचा दाता उद्यांचा याचक होतो. २०२२ सालीं युक्रेनमध्यें युद्ध पेटलें, तेव्हां तेथें शिकणारे कित्येक भारतीय विद्यार्थी, त्यांत महाराष्ट्राचीहि मुलें, गोठविणाऱ्या थंडींत पोलंडच्या सीमेवर पोंचलीं. आणि पोलंडनें त्यांना आंत घेतलें. त्याच देशाच्या राजधानींत, वॉर्सा येथें, कोल्हापूरच्या औदार्याचें स्मारक २०१७ पासून उभें आहे.

मुलांनो, आपल्या परभणीच्या काळ्या मातींत कापूस पिकतो. वस्त्राचें मोल तुम्हांस कोणीं शिकवावें? देशांत वा परदेशांत कोणा कुटुंबासाठीं कपडे गोळा करण्याचा योग येईल, तेव्हां प्रथम त्यांना काय हवें तें विचारा. मग धुवून, तुटलें बटण लावून, मापाप्रमाणें निवडून घडी घाला. जो सदरा तुम्ही स्वतः सणाच्या दिवशीं अंगांत घालाल, तोच त्या गांठोड्यांत असूं द्या.