भट्टीवाचून काच

कापसाच्या मुलखात बहुवारिकाची, म्हणजे पॉलिमरची, फारशी ओळख करून द्यावी लागू नये. दिग्रसच्या बाजारात येणारा कापूस हे निसर्गाने घडविलेले बहुवारिकच होय; शर्करेचे हजारो कण माळेसारखे जोडले जाऊन त्याचा तंतू होतो. प्लास्टिकही अशाच साखळ्यांचे. काचेचे घराणे मात्र निराळे. तिच्यात सिलिकॉन व प्राणवायू यांचे जाळे असते. या दोहोंचा संसार जमला तो भिंगाच्या निमित्ताने.

म्युनिकमध्ये 1801 साली एका आरसेवाल्याचे घर कोसळले. ढिगाऱ्यातून त्याचा चौदा वर्षांचा पोरका उमेदवार जिवंत निघाला. हाच पुढचा योसेफ फ्राउनहोफर. बेनेडिक्टबॉयर्नच्या जुन्या मठात त्याने उत्तम काच वितळवली. 1824 साली दोर्पतच्या वेधशाळेला दिलेल्या दुर्बिणीचे भिंग सुमारे 24 सेंटिमीटर रुंद होते. कृती मात्र कारखान्याबाहेर गेली नाही. त्याच सुमारास लंडनमध्ये फॅरडेसारखा माणूस तशी काच साधावी म्हणून भट्टीपुढे वर्षे घालवीत होता! ही गुप्तता शास्त्राला शोभणारी नव्हे, असे मला तरी वाटते.

पण केसाच्या जाडीएवढे भिंग घासून कसे करावे? प्लास्टिक साच्यात सहज बसते. परंतु अ‍ॅक्रिलिक शंभर अंशांच्या थोडे पुढे गेले की नरमते, आणि विद्युत उपकरणांत सुटे भाग डाखाने जोडताना उष्णता दोनशे अंशांच्या बरीच वर चढते.

वाट 1846 च्या सुमारासच दिसली होती. एबेलमेन या फ्रेंच रसायनज्ञाने सिलिकॉनचे एक द्रव संयुग दमट हवेत ठेवले, तेव्हा ते विस्तवावाचून, हळूहळू काचेसारखे घट्ट झाले. पुढे 1980 नंतरच्या दशकात, वुर्ट्सबुर्गच्या, फ्राउनहोफरचेच नाव धारण करणाऱ्या संस्थेत, अशा काचेच्या जाळ्याला बहुवारिकाचे हात जोडण्यात आले. आधी पाण्याच्या साहाय्याने सांगाडा बांधायचा, मग अतिनील प्रकाशाने ते हात एकमेकांत गुंतवायचे. थेंब साच्यात घातला, वरून प्रकाश पाडला की भिंग तयार! लेसरपुढे किंवा प्रकाशतंतूच्या टोकाशी बसणारी भिंगे अशी होतात. ऑर्मोसर हे नाव संस्थेने नोंदवून राखले असले, तरी कृती पेटंटांत व संशोधनपत्रांत कोणालाही वाचता येते.

एक खोड राहिली आहे. गोठताना हा द्रव शेकडा काही भाग आकसतो. म्हणून साचा कोरणाऱ्याला तेवढा फरक आधीच धरावा लागतो.