संवाद कशावर करायचा? महाडचा अनुभव

निरनिराळ्या श्रद्धांच्या लोकांनी बरोबरीच्या नात्याने बसून बोलणे म्हणजे आंतरधर्मीय संवाद. बारामती-इंदापूर भागात हा प्रश्न वर्गणीच्या पावतीवर येतो. कन्हेरीच्या मारुतीसारखी देवस्थाने असलेल्या या मुलखात, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने यात्रेची वर्गणी द्यावी का, भीमजयंतीची मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यावी, असे विषय बैठकीत निघतात. मग 'जरा समजुतीने घ्या' हे बहुधा बौद्ध वस्तीकडे बघूनच म्हटले जाते. अशा बैठकीला जाणाऱ्या कार्यकर्त्याने महाडचा इतिहास पुन्हा वाचावा.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव 1923 मध्ये झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह तळ्याचे पाणी प्यायले. या लढ्यात सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर सहस्रबुद्धे हे सवर्ण सहकारी होते. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परिषदेला आलेल्यांवर हल्ला झाला. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलट हात उगारू दिला नाही. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. त्याच परिषदेत मनुस्मृती दहनाचा ठराव सहस्रबुद्धे या ब्राह्मणाने मांडला.

पुण्याच्या जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला होता, पण ब्राह्मणांना दूर ठेवण्याच्या अटीवर. बाबासाहेबांनी ती अट नाकारली. भांडण उच्चनीचतेच्या वृत्तीशी आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाशी नाही, अशी त्यांची भूमिका होती. मला महाडमधला हा सर्वात अवघड निर्णय वाटतो. संख्या वाढवणाऱ्या मित्राची अट त्यांनी तत्त्वासाठी मानली नाही.

बाबासाहेब माणसांशी बोलत राहिले, पण पाण्याचा हक्क त्यांनी बोलणीत ठेवला नाही. तो दावा कोर्टात लढला आणि उच्च न्यायालयाचा निकाल 17 मार्च 1937 रोजी बाजूने आला.

आज संविधानाच्या कलम 15 मध्ये विहिरी, तळी, रस्ते आले आहेत. कलम 25 मध्ये सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य. तेव्हा मिरवणुकीची वेळ, स्पीकरचा आवाज, यात्रेच्या दिवशी गाड्या कुठे लावायच्या, यावर मोकळेपणाने बोलावे. सार्वजनिक रस्ता वापरायचा की नाही, हा बैठकीचा विषयच होऊ देऊ नये. वर्गणी ऐच्छिक असल्याचे बैठकीच्या टिपणात लिहून घ्यावे आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. अफवेसाठी दोन्हीकडचा एकेक माणूस आधीच ठरवावा. व्हॉट्सअॅपवर काही आले की आधी त्या दोघांनी एकमेकांना फोन करायचा. वीरेश्वराच्या अफवेच्या वेळी महाडात असे दोघे नव्हते.