संगणक बंद का पडतो?

2005च्या सुमारास एका कचेरीत खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाला मेमो मिळाला. त्याच्या हातून संगणक दिवसातून दोन-तीनदा बंद पडतो, पडदा निळा होतो आणि रांगेतील लोक खोळंबतात, असा आरोप. 'यंत्र हलगर्जीपणाने हाताळले' हे शब्द होते. चौकशीत त्याच्या बाजूने आम्ही उभे राहिलो. संगणकातले आम्हाला काडीचे कळत नव्हते. परंतु यंत्रापाशी काही बिघडले की पहिला गुन्हेगार कामगार ठरतो, हे ठाऊक होते. म्हणून शिकावयास बसलो.

ड्रायव्हर म्हटले की आमच्यासारख्याच्या डोळ्यांपुढे एस.टी.चा चालक येतो. येथे तो एक लहानसा प्रोग्रॅम असतो. छपाईयंत्र किंवा पडदा यांची भाषा संगणकाच्या मुख्य व्यवस्थेला समजावून देणारा दुभाषाच म्हणा ना. त्याला बहुधा उपकरणाचा कारखानदार लिहितो, पण पुष्कळदा तो काम करतो व्यवस्थेच्या गाभ्यात, जेथे सारी स्मृती त्याला मोकळी असते. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद होतो. गाभ्यातील ड्रायव्हरने भलत्या जागी हात घातला, तर माहितीची नासाडी होऊ नये म्हणून व्यवस्था सगळेच काम थांबविते. निळा पडदा तो हाच.

ही रचना आकाशातून पडलेली नव्हे. 1993 सालच्या विंडोज एनटीत चित्रे काढण्याचे बरेचसे काम गाभ्याबाहेर ठेवले होते. 1996च्या चौथ्या आवृत्तीत वेगासाठी ते आत घेतले. वेग वाढला, पण जोखीमही आत आली. हा हिशेब मांडणारांना खिडकीपुढच्या रांगेत उभे राहावयाचे नव्हते. 2007 साली बाजारात आलेल्या व्हिस्टात चित्रांच्या ड्रायव्हरचा मोठा भाग पुन्हा बाहेर काढण्यात आला, म्हणजे अकरा वर्षांनी!

दरम्यान पुरावा साठत होता. 2003 साली वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी नमूद केले की, विंडोज एक्सपीच्या कळविल्या गेलेल्या बिघाडांपैकी 85 टक्के ड्रायव्हरांमुळे होतात. हे पाप एकाच कंपनीचे, असेही नव्हे. स्टॅनफर्डच्या 2001च्या अभ्यासात लिनक्सच्या ड्रायव्हरांतील चुकांचे प्रमाण गाभ्याच्या इतर भागांच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत आढळले होते.

आमच्या चौकशीत एका तरुण तंत्रज्ञाने वाट दाखविली. बंद पडताना संगणक एक लहान फाईल मागे ठेवतो, मिनिडम्प नावाची. ती उघडली तर प्रत्येक वेळी एकच नाव : महिन्यापूर्वी बसविलेल्या छपाईयंत्राचा ड्रायव्हर. मग संगणक सेफ मोडमध्ये चालू केला, म्हणजे अगदी आवश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन. छापता येईना, पण दिवसभर तो बंदही पडला नाही. शेवटी ड्रायव्हरची जुनी आवृत्ती परत बसविली आणि निळा पडदा गेला. मेमो मागे घेतला गेला. कागद मात्र फाईलीत राहिलाच.

19 जुलै 2024 रोजी हेच जगभर घडले. क्राउडस्ट्राइक कंपनीचा सुरक्षेसाठीचा ड्रायव्हर गाभ्यात काम करतो. त्याच्यासाठी भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी माहितीची एक नवी फाईल सुटली. प्रोग्रॅम 21 नोंदी शोधीत होता, पुरविल्या होत्या 20. एकविसावी वाचावयास तो नसत्या जागी गेला आणि सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोसळले. 78 मिनिटांत फाईल मागे घेण्यात आली, तथापि पडलेली यंत्रे आपोआप उठणार कशी? आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आणि ठिकठिकाणी तंत्रज्ञ एकेका यंत्रापाशी बसून, ते सेफ मोडमध्ये उघडून, कुलूपबंद तबकडी असेल तर 48 आकड्यांची किल्ली टिपून, ती एक फाईल हाताने पुसत राहिले. कित्येक ठिकाणी हे काम दिवसेंदिवस चालले.