स्पंदकाचे घड्याळ आणि गुरुत्वाकर्षणाचे प्रतिस्पर्धी सिद्धांत

इ. स. १९३६ मध्ये आल्बर्ट आइनस्टाइन आणि त्यांचे सहकारी नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकाकडे एक शोधनिबंध पाठविला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. परीक्षकाने त्यातील चूक दाखविली, तेव्हा संतप्त आइनस्टाइन यांनी निबंध परत घेतला. पुढे चूक ध्यानात आल्यावर निष्कर्ष बदलून तो १९३७ मध्ये अन्यत्र प्रसिद्ध झाला. १९१६ मध्ये या लहरींचे भाकीत खुद्द आइनस्टाइन यांनीच केले होते, हे लक्षात घेता हा प्रसंग विलक्षणच म्हणावा लागेल. रोझेन यांचा संशय मात्र त्यानंतरही मावळला नाही.

रोझेन यांचे नाव या इतिहासात पुन्हा एकदा येते. व्यापक सापेक्षता सिद्धांताला पर्याय म्हणून १९६१ मध्ये ब्रान्स व डिकी यांचा, तर १९७३ मध्ये रोझेन यांचा द्विमापक सिद्धांत पुढे आला. सूर्यमालेतील गुरुत्वाकर्षण इतके दुर्बल आहे की, तेथे रोझेन आणि आइनस्टाइन यांच्या सिद्धांतांची उत्तरे जवळजवळ सारखीच येत. त्यांतून निवड करण्यासाठी तीव्र गुरुत्वाकर्षणाची प्रयोगशाळा हवी होती.

ती १९७४ मध्ये अनपेक्षितपणे सापडली. प्वेर्तो रिको येथील आरेसिबो दुर्बिणीने (ही दुर्बीण २०२० मध्ये कोसळली) रसेल हल्स व जोसेफ टेलर यांनी ५९ मिलिसेकंदांना एक स्पंद देणारा न्यूट्रॉन तारा शोधला. तो दुसऱ्या एका न्यूट्रॉन ताऱ्यासह ७ तास ४५ मिनिटांत एक प्रदक्षिणा पूर्ण करीत होता. बुधाचा उपसूर्य बिंदू सापेक्षतेमुळे शतकात ४३ विकला सरकतो. येथे कक्षेचा निकटबिंदू वर्षाला ४.२ अंश सरकत होता. स्पंदांच्या आगमनवेळा नोंदविल्या की कक्षेचे अत्यंत सूक्ष्म बदलही मोजता येत.

आइनस्टाइन यांच्या सिद्धांतानुसार गुरुत्वीय लहरी ऊर्जा वाहून नेतात व कक्षा आकुंचित होते. रोझेन यांच्या सिद्धांतात द्विध्रुवी प्रारणही उद्भवते आणि ते ऋण ऊर्जा वाहून नेते. परिणामी प्रदक्षिणाकाल वाढावयास हवा, असे १९७७ मध्ये विल व अर्डली यांनी दाखविले. टेलर यांनी डिसेंबर १९७८ मध्ये जाहीर केलेल्या मापनात प्रदक्षिणाकाल घटत असल्याचे दिसले. (पुढील अचूक मापनांनुसार ही घट वर्षाला सुमारे ७६ मायक्रोसेकंद आहे.) रोझेन यांच्या सिद्धांताचा निकाल लागला. हल्स व टेलर यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या घटनेचे वर्णन ‘आइनस्टाइन बरोबर ठरले’ एवढ्यावरच आटोपले जाते, ते अपुरे आहे. ब्रान्स-डिकी सिद्धांताला या जोडीने फारसा धक्का दिला नाही. त्यातील द्विध्रुवी प्रारण दोन घटकांच्या गुरुत्वीय बंधनऊर्जेतील फरकावर अवलंबून असते, आणि येथे १.४४ व १.३९ सौरवस्तुमानांचे दोन्ही तारे जवळजवळ सारखेच आहेत. त्यासाठी विजोड जोडीच हवी होती. न्यूट्रॉन तारा आणि श्वेतबटू यांच्या साडेआठ तासांच्या एका युग्माच्या २०१२ मधील मापनाने अशा सिद्धांतांवर कठोर बंधने घातली. प्रत्येक सिद्धांताची परीक्षा त्याला अडचणीचा ठरेल अशा ताऱ्यांकडूनच घ्यावी लागते.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी ही परीक्षा वेगळ्या मार्गाने झाली. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाले. त्यांच्या गुरुत्वीय लहरींनंतर अवघ्या १.७ सेकंदांनी गॅमा किरण पोहोचले. त्यावरून दोहोंच्या वेगांतील फरक दहा लाख अब्जांत काही भागांपेक्षा अधिक नसल्याचे सिद्ध झाले. कृष्ण ऊर्जेचे स्पष्टीकरण देण्यासाठी रचलेले, परंतु लहरींचा वेग प्रकाशापेक्षा निराळा मानणारे अनेक सिद्धांत त्या एका दिवशी बाद झाले.

२००३ मध्ये सापडलेल्या दोन स्पंदकांच्या युग्मावरील सोळा वर्षांच्या निरीक्षणांचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लहरींमुळे होणारा ऊर्जाऱ्हास सापेक्षतेशी ०.०१३ टक्क्यांपर्यंत जुळला. या पातळीवर स्पंदकाचे परिवलन मंदावताना घटणारे त्याचे वस्तुमानही हिशेबात घ्यावे लागले. शिवाय न्यूट्रॉन ताऱ्याच्या अंतर्भागातील द्रव्याची अवस्था निश्चित ठाऊक नसल्याने गणितात एक अनिश्चितता उरते, आणि ती दूर करणे हे आता गुरुत्वाकर्षणाइतकेच अणुकेंद्रीय भौतिकीचे काम झाले आहे.