मिशनचा चहा

गेल्या नाताळात मी आत्याच्या घरचा चहा प्यायलो नाही. तिथूनच सुरुवात करतो, कारण पुढचं सगळं वाचन त्या एका कपामुळं झालं.

आत्या म्हंजे वडलांची चुलत बहीण. राहुरीकडची. आमच्या पणज्याचा भाऊ दुष्काळात ख्रिस्ती झाला, पणजा महारच राहिला. १९५६ नंतर आमची शाखा बौद्ध झाली आणि त्यांची ख्रिस्तीच राहिली. एका गावकुसाबाहेरची, एकाच रक्ताची दोन घरं. नाताळच्या चार दिवस आधी आमच्या अभ्यासवर्गात कोणीतरी बोललं, 'ते तांदळाचे ख्रिस्ती. पोतं मिळालं की धर्म बदलला.' सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. आणि मग आईबरोबर आत्याकडं गेलो. तिनं करंज्या आणल्या, चहा आणला. मी म्हणालो, 'आत्या, मी चहा सोडलाय.' साफ खोटं. रातपाळीला रिंगफ्रेमवर धागे सांधताना चार-चार कप लागतात मला. आत्या माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, 'चा सोडला का आमच्या हातचा सोडला, लेका?'

आईनं मान खाली घातली. मी करंजी मोडत बसलो.

मित्रांनो, सोलापूरला परत आलो आणि सुट्टीच्या वारी वाचनालयात जाऊन बसायला लागलो. मी कॉलेजात गेलेलो नाही. जे सापडलं ते माझ्या रीतीनं मांडतो.

पहिल्यांदा सापडला तो दुसराच चहा. पुण्याचा. ऑक्टोबर १८९०. पुण्यात वेताळ पेठेत, जिला आता गुरुवार पेठ म्हणतात, तिथं पंचहौद मिशन. एका व्याख्यानासाठी शहरातले चाळीसावर नामवंत तिथं गेले. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. व्याख्यान संपल्यावर मिशनच्या लोकांनी, पाहुणे घरी आले की कोणीही करतो तसा, चहा-बिस्किटांचा पाहुणचार केला. कोणी प्याले, कोणी कप नुसता हातात धरला, कोणी समोर ठेवून दिला. गोपाळराव जोशी म्हणून वल्ली माणूस होता, डॉक्टर आनंदीबाईंचा नवरा. त्यानं 'पुणे वैभव' पत्रात नावानिशी यादी छापवून आणली. झालं! ब्राह्मण पुण्यात आग लागली. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. शास्त्री चौकशीला बसले. कोण प्यायला, कोणी नुसतं ओठाला लावलं, ह्याचा कीस पाडला. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं. टिळकांनी सांगितलं की आपण काशीला घेऊन आलो. ह्या सगळ्याला पंचहौद ग्रामण्य म्हणतात आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ते सुधारकांच्या हालअपेष्टा म्हणून येतं.

मला मात्र वेगळंच दिसलं. ज्या माणसांनी देशाला मार्ग दाखवायचा ठरवलं होतं त्यांचा धर्म एका कपात बुडत होता. विटाळ कशाचा? दूध-साखरेचा नाही, पानाचा नाही. हाताचा. ख्रिस्त्याच्या हाताचा, आणि त्या ख्रिस्ती हाताआडून आपल्या हाताचा. कारण मिशनच्या मंडळीत कोण बसतं हे पुण्याला पक्कं ठाऊक होतं. ह्याच वेताळ पेठेत १८५२ साली जोतिबांनी महारा-मांगांच्या पोरांसाठी शाळा घातली होती. आणि १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना उघडा केला, त्याला कोणा शास्त्र्याची परवानगी मागितली नाही. पंचहौदच्या चहानंतर महिना-दोन महिन्यांत, २८ नोव्हेंबर १८९० ला जोतिबा गेले. हौद उघडणारा माणूस मरत होता आणि शहर बिस्किटाचा निवाडा करत होतं.

जोतिबा स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जाऊन मिस फॅरार ह्या अमेरिकन बाईंची मुलींची शाळा त्यांनी बघितली आणि १८४८ ला पुण्यात आपली शाळा काढली. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण मिशनच्या घरात पाहुणा म्हणून गेले, जे घ्यायचं ते घेतलं आणि आपल्या पेठेत येऊन स्वतः यजमान झाले. हे मला फार मोठं वाटतं. आपल्यातले काही जण मिशन म्हटलं की एकतर हात जोडतात, नाहीतर थुंकतात. जोतिबांनी दोन्ही केलं नाही.

नगरचं सांगतो, कारण आत्याचं घर त्याच इतिहासात आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ ला मुंबईत उतरले आणि १८३१ ला नगरला ठाणं केलं. खिस्ती, मोडक अशा ब्राह्मण घरांतली थोडी माणसं तिथल्या मंडळीत आली. पुढं मंडळी भरली ती महारवाड्यांतून. आता चित्र डोळ्यापुढं आणा. प्रभुभोजनाचा दिवस. एक भाकर मोडायची, सगळ्यांनी खायची. एक प्याला फिरवायचा, सगळ्यांनी ओठ लावायचे. ब्राह्मणाच्या पोरानं ओठ लावलेला प्याला महाराच्या हातात, महाराचा ब्राह्मणाकडं. पुण्यात नुसता कप हातात धरला म्हणून शास्त्री बसले, आणि नगरच्या देवळात हे विधी म्हणून चालायचं! तिथं सगळ्यांच्या मनातली जात मेली असं मी म्हणत नाही. पण ओठाला ओठ लावायची सक्ती तरी होती. मनूच्या मुलखात ही लहान गोष्ट नाही.

ह्याच मिशनचं पत्र 'ज्ञानोदय', १८४२ पासूनचं. त्यात १८५५ साली मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. मातंगाची पोर, वय चौदा, जोतिबांच्या शाळेतली. मांग-महारांच्या दुःखावर तिनं लिहिलं. वेद जर ब्राह्मणांचेच, तर मग आमचा धर्म कुठला, हे तिनं देवालाच विचारलं. पंगतीत पान मांडायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा 'ज्ञानोदय'नं छापील पान दिलं. आपण हे सायक्लोस्टाइल पान काढतो ना, त्याची थोरली बहीण ती.

आता तांदळाच्या पोत्याकडं येतो. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा. दोन्ही वेळा दख्खनचा पठार करपला. गावात धान्य कुणाकडं होतं? आणि महाराला ते कुठल्या दारात मिळत होतं? बलुतं बुडालं, येसकराची भाकर बंद झाली. त्या वेळी जिथं खायला मिळालं तिथं आपली माणसं गेली. मग त्यांनी पोटासाठी धर्म विकला असं म्हणणारे आपण कोण? उपाशी माणसाला ज्या धर्मानं दारात उभं केलं नाही, तो धर्म त्याच्याजवळ विकायला होताच कुठं? पणज्याचा भाऊ गेला, जगला. त्याच्या पोटी पुढं आत्या झाली. त्या दिवशी मी हसलो ते ह्या जगण्याला हसलो.

पण, आणि हा पण मोठा आहे. पोतं देणं म्हंजे पाहुणचार न्हाई. देणारा ओट्यावर, घेणारा अंगणात, ह्यात गावची वतनदारीच परत दिसते. पाहुणचार खरा होतो तो देणारा आपल्या हातचं खातो तेव्हा. आत्या सांगते, तिचा बाप मिशनमध्ये मास्तर होता, साहेबाच्या बंगल्यावर व्हरांड्यापर्यंत जायचा. साहेब चांगला, अडीनडीला धावून यायचा. पण आमच्या आजीच्या हातची भाकरी त्यानं कधी खाल्ली का, म्हटल्यावर आत्याला आठवत नाही.

उलट बाजूनं बघा. लक्ष्मीबाई टिळक. नवरा नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाला. बाई नंतर त्याच्याजवळ येऊन राहिल्या, पण सोवळं सुटलं नाही. पाणी वेगळं, चूल वेगळी. मग जात ही देवानं नाही, माणसानं केली असं एकदा मनानं घेतलं, आणि त्या कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. बाप्तिस्मा १९०० साली, त्याच्याही नंतर. हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त कुठलाही आव न आणता सांगितलंय. आधी पाणी, मग धर्म. ज्या बाईला पाण्याचं कळलं तिला बाकीचं कळायला वेळ लागला नाही. वाचा ते पुस्तक. बामणीण म्हणून बाजूला ठेवू नका.

जेवण ही नुसती भावना नाही, कसोटी आहे, हे त्याच अमेरिकन बोर्डाच्या मदुरैच्या मिशनला कळलं होतं. तमिळ मुलखात ख्रिस्ती झालेली वरच्या जातीची माणसं देवळात येत, पण परयाच्या हातचं खात नसत. १८४७ साली तिथल्या मिशनऱ्यांनी ठरवलं की मंडळीत राहायचं तर एकत्र प्रीतिभोजनाला बसा. कित्येकांनी ताटाला हात लावला नाही आणि मंडळीतून निघाले. येशू चालला, परयाची भाजी चालली नाही!

गिरणीवाल्याला ह्यात नवल वाटत नाही. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत विणकाम खात्यात महाराला घेत नसत. का? धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपण तोंड लावलेला धोटा दुसरा तोंडाला लावणार नाही. त्या खात्यात पगार जास्त. म्हणजे विटाळ थेट पाकिटात शिरला होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनवाल्यांपुढं ठेवला. लाल बावट्याखालीही थुंकीला जात होती. प्रभुभोजनाचा प्याला आणि गिरणीचा धोटा, मला दोन्ही एकाच जागी अडकलेले दिसतात. ओठावर.

बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात घोषणा केली तेव्हा ख्रिस्ती पुढाऱ्यांनाही आशा वाटली. आणि १ जानेवारी १९३८ ला ते आमच्या ह्याच सोलापुरात ख्रिस्ती मंडळींपुढं बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त ह्या दोघांची ओढ त्यांनी तिथं बोलून दाखवली. पण गोड बोलून थांबले नाहीत. दक्षिणेतल्या देवळांत जात पाळली जाते हे तोंडावर सांगितलं, आणि अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज म्हणून तुम्ही लढायला उभे राहत नाही हेही सांगितलं. पाहुणा म्हणून बोलावलेला माणूस यजमानाला असं बोलतो तेव्हा तो त्याला आपला समजत असतो.

आणि सरकारनं काय केलं? १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदू सोडून बाकीच्यांना बाहेर ठेवलं. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला बौद्ध. आत्याचा मुलगा अजून बाहेर. आपण १९९० पर्यंत केंद्राच्या दारात ओरडत होतो की धर्म बदलला म्हणून गावानं आमची जात सोडलेली नाही. आता आपण आत गेलो, तर तेच वाक्य आत्याच्या पोरासाठी म्हणायला आपली जीभ का जड होते? अभ्यासवर्गात मी हे काढलं तर एक जण म्हणाला, 'आपला वाटा कमी होईल.' पंगतीत सरकून बसायला सांगितल्यावर गावचा पाटील हेच म्हणायचा.

एप्रिलमध्ये रातपाळी संपवून पहिल्या एसटीनं परत आत्याकडं गेलो. बरोबर खात्यातला मित्र होता, मातंग समाजातला. आत्यानं मला विचारलं, 'चा सोडलाय ना तू?' मी म्हटलं, 'टाक दोन कप.' तिनं तीन टाकले. नंतर चुलीपाशी मला बोलावून हळूच मित्राचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. त्यांच्या मंडळीतही महाराकडचे आणि मांगाकडचे अशी घरं मोजली जातात, हे मला तिच्याकडूनच कळलेलं. मग तिनं परात ओढली आणि तिघांच्या भाकरी थापायला घेतल्या. मित्र पोटभर जेवला, ताट स्वतः विसळायला उठला, तर आत्यानं ते हातातून काढून घेतलं.

परतीच्या गाडीत तो झोपला. माझ्या शेजारच्या रिंगफ्रेमवर तो तीन वर्षं आहे. माझ्या घरी, आईच्या हातचं जेवायला, मी त्याला अजून एकदाही नेलेलं नाही.