मणी-मल्ल

खंडोबाने ज्यांचा वध केला ते दोन असुरबंधू. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या (ता. लोहा) यात्रेत भंडारा उधळताना ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ अशी जी आरोळी उठते, तिच्यात यांपैकी मल्लाचे नाव आहे असे मानतात.

मूळ कथा संस्कृत ‘मल्हारी माहात्म्या’त येते. सिद्धपाल केसरी यांनी १५८५ मध्ये ती मराठीत आणली. ब्रह्मदेवाच्या वराने उन्मत्त झालेल्या या भावांनी मणिचूल पर्वतावरील सात ऋषींचे आश्रम उद्ध्वस्त केले. इंद्र आणि विष्णू हतबल ठरले, तेव्हा शंकराने मार्तंडभैरवाचे, म्हणजेच खंडोबाचे, रूप घेतले. आधी मणी पडला, मग मल्ल. मल्लाचा वध मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीचा, म्हणजे चंपाषष्ठीचा. घरोघरचे खंडोबाचे षड्रात्र याच दिवशी उठते आणि तळी भरून वांग्याच्या भरिताचा व रोडग्याचा नैवेद्य दाखवतात.

मणी म्हणजे रत्न, मल्ल म्हणजे पहिलवान. ‘मल्लारी’ची फोड मल्लाचा अरी, शत्रू, अशी करतात, त्यावरून मल्हारी, मल्हार. पण उदगीरच्या पलीकडे, बीदर जिल्ह्यात, हाच देव मैलार म्हणून पुजला जातो. मैलार हे कानडी मुलखातले जुने नाव आधीचे आणि मल्लारी हे त्याचे संस्कृत वळण, असे मानायला चांगली जागा आहे. तसे असेल तर देवाला राक्षसावरून नाव मिळालेले नाही. देवाचे नाव उलगडून सांगताना राक्षस उभा राहिला. प्रस्तुत लेखकाला हाच उलगडा अधिक पटतो.

दोघांच्या शेवटाबद्दल ग्रंथ आणि लोककथा यांची वाट वेगळी आहे. ग्रंथातला मल्ल मरताना शरण येतो आणि आपले नाव देवाच्या नावाआधी लागावे, एवढेच मागतो. लोककथेतला मल्ल मात्र अखेरपर्यंत नमत नाही, म्हणून त्याचे शिर देवळाच्या पायरीशी आले, भक्तांच्या पायाखाली. मणीने क्षमा मागितली, त्याला देवाजवळ जागा मिळाली. जेजुरीला त्याची मूर्ती आहे. खंडोबाचा नैवेद्य शाकाहारी असतो. बोकडाचा मान मणीचा. हरलेल्या शत्रूला देवळातच हक्काचा वाटा देणारी ही कथा आहे, आणि तिचे मोठेपण त्यातच आहे.

माळेगाव नांदेड–लातूर रस्त्यावर आहे. तिथली यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, लातूरकडच्या येळवसेच्या (वेळा अमावास्येच्या) आदल्या दिवशी, सुरू होते. खंडोबाचे उपासक वाघ्या-मुरळी रात्रभर जागरण घालतात आणि मणी-मल्लांशी झालेले हे युद्ध गातात. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार भरतो, आणि कुस्त्यांच्या दंगलीत खरेखुरे मल्ल उतरतात.