बातमीकडून कादंबरीकडे : अरुण साधूंचा प्रवास

१/ पत्रकार कादंबरी लिहू लागला, की लोक म्हणतात, ‘पत्रकारिता सुटली.’ अरुण साधूंच्या (१९४१–२०१७) बाबतीत ते खरे नव्हे. #थ्रेड

२/ परतवाड्यात जन्मलेले साधू पुण्याच्या ‘केसरी’तून वृत्तपत्रसृष्टीत आले. पुढे मुंबईत ‘इंडियन एक्सप्रेस’, ‘टाइम्स ऑफ इंडिया’, ‘स्टेट्समन’ या इंग्रजी दैनिकांत त्यांनी काम केले. ‘फ्री प्रेस जर्नल’चे संपादकपदही भूषविले.

३/ बातमीला नाव, वेळ आणि दुजोरा लागतो. सत्ता कोण, कशी हलवितो हे बातमीदाराला पुष्कळदा ठाऊक असते. पुराव्याअभावी ते छापता येत नाही. असे वहीत उरलेले ज्ञान ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्यांना उपयोगी पडले.

४/ या दोहोंवर जब्बार पटेलांनी ‘सिंहासन’ (१९७९) हा चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. निळू फुले यांनी साकारलेला दिगू टिपणीस हा पत्रकारच. त्याला सारे कळते, पण बदलता काहीच येत नाही.

५/ पुढे साधू पुणे विद्यापीठाच्या वृत्तविद्या व संज्ञापन विभागाचे प्रमुख झाले. स्वतः कल्पिताकडे वळलेला लेखक नव्या बातमीदारांना वस्तुस्थितीची शिस्त शिकवीत होता. यात विसंगती नाही. दोन्ही कामांचा पाया एकच, निरीक्षण.

६/ ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) या चित्रपटाच्या पटकथेतही त्यांचा सहभाग होता. महाडच्या चवदार तळ्याची तारीख, २० मार्च १९२७, इतिहासात नोंदलेली आहे. ओंजळीत पाणी घेणाऱ्या हजारोंच्या उरातली धडधड मात्र कोणत्याही दप्तरात नाही. ती लेखकालाच शोधावी लागते.

७/ याच महाड तालुक्यात २२ जुलै २०२१ रोजी तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली. वार्ताहर चिखल तुडवीत पोहोचले. मृतांचे, बेपत्तांचे आकडे देशभर गेले. ते काम अत्यावश्यकच होते. पण पुढच्या पावसात आभाळ भरून आले, की वाचलेल्या माणसाला रात्री झोप लागते का, ही बातमी होत नाही.

८/ ती उद्या कोणी कथेत लिहील. मात्र साधूंचा क्रम त्याने ध्यानी ठेवावा : आधी घरोघर जाऊन नोंद, मग कल्पना. ज्याने माणसे मोजली नाहीत, त्याने त्यांच्या दुःखाची कादंबरी लिहिण्याची घाई करू नये.